लवू मेस्त्रीची मोठी मोटार

माळनाक्याच्या उतारावर लवू मेस्त्रीचा मोटारी दुरुस्तीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे चार खांबांवर पत्रे आणि मधोमध एक खड्डा, पण रत्नागिरीत मोटारीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे लवूचं नाव चांगलं होतं. मुंबईत एका मोटारखान्यात काम शिकून तो गावी परतला होता, आणि इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगतो अशी त्याची ख्याती होती.

त्याच लवूला मुंबईच्या एका दलालानं फसवलं. एक भलीमोठी बंदिस्त मोटार, आत गाद्या, काचांना पडदे, सात माणसं सहज बसतील अशी. लवूनं हौसेनं ती विकत घेतली, आगबोटीनं आणवली, आणि कारखान्यात इंजिन उघडलं तेव्हा ओतीव लोखंडाला आडवी चीर दिसली. वरून मसाला भरून रंग फासलेला. तो कितीतरी वेळ ती चीर बघत बसला. गावात सांगायचं काय? लवू मेस्त्रीला गाडी पारखता आली नाही?

त्यानं कुणाला सांगितलं नाही. चीर पुन्हा नव्या मसाल्यानं बुजवली. मागच्या आसातली दातेरी चाकं घुरघुरत होती, तिथल्या पेटीत ग्रीसबरोबर लाकडाचा भुसा घातला. घुरघुर थांबली. गळक्या रेडिएटरमध्ये, गळती तात्पुरती बुजावी म्हणून, मूठभर हळद टाकली. मग गाडी धुवूनपुसून बाहेर उभी केली.

ती बाबल्यानं घेतली. बाबल्या मिरकरवाड्याचा, थोरल्या भावाबरोबर मासेमारीच्या मचव्यावर जाणारा. समुद्राचा त्याला कंटाळा आला होता. कोल्हापूरला उतारू नेले तर बरं सुटेल असं त्याच्या मनानं घेतलं, आणि मचव्यातला आपला वाटा त्यानं भावाला विकून टाकला. पैसे हातात देण्याआधी त्यानं विचारलं, "मेस्त्री, मला मोटारीतला काय कळत नाय. तुझ्या भावाला ही गाडी तू दिली असतीस?"

"डोळे मिटून," लवू म्हणाला.

पहिल्याच महिन्यात रेडिएटर गेला. मग जांभ्याच्या दगडावर आपटून पुढची स्प्रिंग मोडली. ब्रेकचे पट्टे झिजले, क्लच घसरू लागला. जुन्या गाडीची हीच दुखणी, आणि एवढ्या मोठ्या गाडीचा प्रत्येक भाग महाग, मुंबईहून मागवायचा. लवू भाग मागवायचा, बाबल्याला निम्मी किंमत सांगायचा आणि उरलेली आपल्या खिशातून भरायचा. मजुरी तर घेतच नसे.

त्याची बायको मैना एकदा म्हणाली, "अहो, डाक्टरांच्या गाडीचे दाम बरे चोख घेता. त्या दर्यावर्द्यावर एवढी मेहरबानी कशाला?"

"गरीब माणूस आहे," लवू म्हणाला आणि ताटावरून उठला.

खरा त्रास वेगळाच होता. बाबल्या गावभर त्याचे गुण गात फिरत होता. बंदरावर, कचेरीसमोर, भेटेल त्याला सांगायचा, "माणूस बघायचा तर लवू मेस्त्री बघा. देवमाणूस!" त्याच्या सांगण्यावरून नवी गिऱ्हाइकं येत. त्यांनी नमस्कार केला की लवूची मान खाली जायची. वाईट माणसाला कुणी चांगलं म्हणू लागलं की किती जड होतं, हे त्याला कळत होतं. सांगून टाकावं असं रोज वाटे. बाबल्या समोर आला की मात्र तोंडून निघे, "कुठं बिघडली आता?"

त्या उन्हाळ्यात आंबा घाट चढताना इंजिन तापलं. चीर पुन्हा उघडली होती, पाणी आतल्या आत जात होतं. आत उतारू खोळंबलेले. बाबल्यानं घाईनं रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत उडालं. आठवड्यानं तो कारखान्यात आला तेव्हा हाताला केळीचं पान बांधलेलं होतं.

"माझीच चूक," तो म्हणाला. "तू सांगितलं होतंस, निवल्याबिगर झाकण काढू नको म्हणून. मीच घाई केली."

लवूनं चीर पुन्हा गुपचूप बुजवली. त्या दिवशी तो जेवला नाही.

हात बरा झाल्यावर बाबल्यानं ठरवलं, गाडी विकायची आणि मचव्यातला वाटा परत घ्यायचा. गिऱ्हाईकही मिळालं. बंदरावर खानावळ चालवणारी मथुराकाकी. आगबोटीतून उतरणाऱ्या लोकांना गावात न्यायला तिला मोठी गाडी हवी होती. बाई व्यवहाराला पक्की. बाबल्या तिला घेऊन थेट लवूकडे आला.

"काकी, माझ्यावर जाऊ नका. मेस्त्रीला विचारा. तो सांगंल ता खरा."

मथुराकाकी गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि लवूसमोर उभी राहिली. "काय रे लवू, घेऊ काय?"

बाबल्या हसत होता. त्याच्या हातावरची नवी कातडी गुलाबी दिसत होती. गाडी चांगली आहे असं पुन्हा एकदा सांगणं लवूच्यानं होईना.

"नको घेऊस, काकी," तो म्हणाला. "इंजिन चिरलंय. मागच्या पेटीत भुसा आहे. मीच घातला. बाबल्याला विकली तेव्हाच मला सगळं ठाऊक होतं."

मथुराकाकीनं एकदा त्याच्याकडे, एकदा बाबल्याकडे पाहिलं. "बरं झालं बोललास," एवढं म्हणून ती चालू लागली.

बाबल्या जागचा हलला नाही. "तवा नाय बोललास," तो हळू आवाजात म्हणाला. "मी घेतली तवा नाय बोललास. माझा हात पोळला तवा नाय बोललास. आज माझा वाटा परत येत होता, तर आज तुला खरा आठवला?"

आपण पाप धुतोय असं लवूला बोलताना वाटलं होतं. ते धुतलं होतं बाबल्याच्या पैशानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवूनं आपली लहान मोटार काढली. पालीपर्यंत भाड्यानं चालणारी, ठणठणीत, त्याच्या घराला खरा आधार असलेली. मैनेला त्यानं सगळं सांगितलं, ही गाडी बाबल्याला द्यायचीय हेही. ती म्हणाली, "द्या. पण आता तरी त्याच्यापुढं रडू नका."

मिरकरवाड्यात मासे वाळत घातलेल्या ओट्यांमागं बाबल्याचं घर होतं. लवूनं गाडी दारात लावली, किल्ली पुढं केली. "ही चांगली आहे. कुणाही दुसऱ्या मेस्त्रीला दाखव. ती मोठी मी परत नेतो."

बाबल्यानं किल्ली घेतली. बस म्हणाला नाही, पाणी विचारलं नाही. दुसऱ्या एका माणसाकडून गाडी तपासून घेतली, पावसाळ्याआधी विकली आणि भावाच्या मचव्यावर परत गेला. लवूबद्दल तो गावात वाईट काही बोलला नाही. बोलायचाच थांबला. माळनाक्यावरून जाताना तो रस्त्याच्या पलीकडून जाई.

मोठी मोटार लवूनं खोलून टाकली. काचा, गाद्या, चाकं, जे कामाचं होतं ते गरजूंना दिलं. पुढची दोन वर्षं घर कसंबसं चाललं.

एके दिवशी मथुराकाकी आली. कुणाची तरी जुनी गाडी तिला घ्यायची होती. "तू बघ," ती म्हणाली, "तुझ्याइतकं दुसरं कोण सांगणार?"

लवू गाडीखाली शिरला. ब्रेक, आस, इंजिन, एकेक भाग त्यानं पाहिला. बाहेर येऊन सगळं सांगितलं: टायर झिजलेत, एक झडप ठोकते, गिअर जरा कडक आहे, अमुक दोन वर्षं टिकेल, तमुक टिकणार नाही. सांगणं संपेचना.

"अरे, पण एकंदरीत गाडी चांगली की वाईट?" काकी वैतागली. "घेऊ की नको, तेवढं सांग."

गाडी चांगली होती. लवूला ते दिसत होतं. 'डोळे मिटून घे' हे शब्द तोंडाशी आले आणि तो थांबला. हात पुसायचं फडकं त्यानं उगाच पिळलं.

"ते तू ठरव, काकी," तो म्हणाला. "मी फक्त काय काय आहे ते सांगितलं."

काकीनं गाडी घेतली.