कापलेला घाट

नट मुखरूने सवयीने वाकून कलादालनात टांगलेल्या पडद्याच्या तळाशी हात नेला, आणि त्याची बोटे चुन्याच्या भिंतीला लागली. तो तसाच वाकलेला राहिला.

"नूरभाऊ, घाट कुठी गेला?"

नूर मोहम्मद चौकटीच्या आणखी जवळ गेला. वडशाच्या नाटकमंडळीसाठी त्याने रंगवलेल्या या नदीच्या पडद्यापुढे बारा हिवाळे नाटके झाली होती. गेल्या वर्षी चांद्याच्या नव्या कलादालनाच्या साहेबांनी तो मागितला आणि त्याने आनंदाने दिला. पाटीवर चित्रकाराचे नाव घालायचे आहे, येऊन सांगावे, असे पत्र आले तेव्हा ते त्याने साऱ्या मंडळीला वाचून दाखवले होते.

आता चौकटीत आभाळ होते, सागाचे रान होते, नदी होती. घाटाच्या पायऱ्या नव्हत्या. नाटकाआधी प्रत्येक नट त्याच पायऱ्यांना हात लावून तो कपाळी नेत असे.

"आता बायकायनं पाणी भराले शिडी आणाची का?" मुखरू मोठ्याने म्हणाला.

आवाज ऐकून साहेब बाहेर आले.

"या, या. कसा दिसतो तुमचा पडदा?"

"पायऱ्या काऊन कापल्या, साहेब?"

"हातांच्या डागांनी तो भाग फार मळला होता. चौकटीतही मावत नव्हता. चित्राला काही धक्का लागलेला नाही."

"डाग?" मुखरू पुढे सरकला. "माह्या बापाचा हात होता तो! मरेपर्यंत लावला त्यानं."

नूरने त्याचा दंड धरला.

"दरसाल मी रंग उजळत होतो, साहेब. त्या मळावर कुची फिरवली नाई कधी. तुकडा कुठी हाये?"

"टाकला असेल. जपण्यासारखे त्यात काही नव्हते."

साहेबांनी घाईने कोरी पाटी पुढे ओढली, पेन उघडले.

"झाले ते झाले. नाव सांगा. मोठ्या अक्षरांत घालू."

नूर मोहम्मदने कापडाची खालची कड अंगठ्याने चाचपली. कात्री अगदी सरळ चालली होती.

"तुमचंच लिवा, साहेब," तो म्हणाला. "शेवटचा हात तुमचा लागला."