मी नापास झालेली बंदूक

मी एक जुनी बंदूक आहे. हातात मावणारी, छोटी. मोठी माणसं मला पिस्तूल म्हणतात. कॅलिफोर्निया राज्याच्या परीक्षेत मी नापास झाले आहे, आणि मित्रांनो, हे मी मान खाली घालून सांगत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पोलाद तापलं, कापलं गेलं, घासलं गेलं, आणि मी चकचकीत होऊन पेटीत बसले. मला वाटलं, आता थेट दुकानात जायचं. पण २००१ सालापासून या राज्यात असा कायदा लागू झाला होता, की नव्या घडणीची छोटी बंदूक आधी परीक्षा देईल, सरकारच्या यादीत बसेल आणि मगच दुकानात विकली जाईल. आमच्या घडणीच्या तीन बंदुका परीक्षेला निघाल्या. तिघीही पास झाल्या तरच पास. मी तिसरी.

ही परीक्षा घेणारी, राज्यानं मान्यता दिलेली प्रयोगशाळा सॅक्रमेंटो शहराबाहेर होती. तिचा मालक ग्लेन हा शांत, म्हातारा माणूस. परीक्षा घेणारी इंजिनिअर होती नागपूरची शुभा. तिच्या नवऱ्याची, परीक्षितची, सॉफ्टवेअरमधली नोकरी गेली होती आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. तरी कामात ती कधी घाई करत नसे. आम्हाला उचलताना तिचं बोट चापाच्या जवळपासही जात नसे. मला ते आवडायचं. शस्त्राला मान द्यायचा तर असाच द्यावा.

आधी आम्ही शेकडो गोळ्या झाडल्या. तिघीही न अडकता पार पडलो. मग पडण्याची परीक्षा आली. बंदुकीत गोळीविना रिकामं काडतूस भरतात. त्याच्या बुडाशी दिवाळीतल्या टिकलीसारखी एक टिकली असते. मग बंदूक कमरेइतक्या उंचीवरून काँक्रीटवर टाकतात. कधी नळी खाली, कधी मूठ खाली. टिकली वाजली, की नापास.

माझ्या दोघी बहिणी गप्प पडल्या. मी मागच्या घोड्यावर, म्हणजे टिकलीवर ठोका देणाऱ्या भागावर पडले आणि टिकली वाजली.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. त्यानं ग्लेनला समजावलं, की प्रवासात हिला धक्का लागला असेल, ही बाजूला ठेवा, मी दुसरी पाठवतो. कंपनीच्या आणखी कितीतरी बंदुका तपासायच्या आहेत, हेही तो सहज बोलून गेला. ग्लेननं शुभाला बोलावलं.

शुभानं माझ्यात नवी टिकली भरली आणि त्या माणसाला म्हणाली, "आता तुम्ही स्वतः टाका."

त्यानं टाकलं. मी गप्प. त्यानं पुन्हा टाकलं. पुन्हा गप्प. तो हसला. मित्रांनो, माझ्या पोलादाला तेव्हा संताप आला. वाजावं असं फार वाटलं. पण वाजणं आणि न वाजणं माझ्या हाती नव्हतं. तोच तर माझा दोष होता.

"बघितलंत?" तो म्हणाला. "चुकून एकदा वाजली असेल."

शुभा शांतपणे म्हणाली, "लोकांच्या घरात ती एकदाच पडते."

मग तिनं अहवालावर नापास लिहून सही केली आणि ग्लेनला सांगितलं, की मी हे बदलणार नाही. पास हवं असेल तर दुसऱ्या कोणाची सही घ्या. ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि तिनं परीक्षितला फोन लावला.

"अरे, बहुतेक आज माझा जॉब जाईल," ती म्हणाली. तिकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "हो, वाजली ना. मी स्वतः ऐकली. बरं, मग ठेवते."

ती आत आली तेव्हा ग्लेननं तिच्या सहीखाली आपली सही केली होती.

कंपनीनं आपलं काम दुसरीकडे नेलं. प्रयोगशाळेतलं काम आटलं आणि काही महिन्यांनी ग्लेनला शुभाला कामावरून कमी करावं लागलं. पुढे परीक्षितला सिएटलजवळच्या बॉथेलमध्ये नोकरी मिळाली आणि दोघं तिकडे गेली. कंपनीला मात्र आमचा घोडा नव्यानं घडवावा लागला. त्या नव्या घडणीच्या बंदुका कितीही आपटल्या तरी वाजल्या नाहीत, आणि त्याच यादीत बसल्या.

माझी नळी बुजवून मला प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात ठेवलं आहे. आता माझ्यावर धूळ बसते. पाहुणे येतात, माझ्याखालची ‘नापास’ अशी पाटी वाचतात आणि हसतात. हसू देत. दुकानाच्या दिव्याखाली मिरवून कोणाच्या घरी पडून वाजण्यापेक्षा मला ही धूळ बरी.

मित्रांनो, आमच्यापैकी कोणी कुठे दिसली तर हात लावू नका, मोठ्या माणसाला बोलवा. आणि ज्या घरी आम्ही आहोत, तिथल्या मोठ्यांना विचारा, की हिला कुलूप आहे का, किल्ली कोणाकडे आहे. उत्तर मिळालं नाही तर पुन्हा विचारा. उद्धट म्हणतील. म्हणू देत. तुम्ही पुन्हा विचारा.