घसरफळी कोणी झिजवली

उन्हाळ्यात स्केटिंगच्या रिंकवरचा बर्फ वितळवून टाकायचे, तेव्हा मास्तर सगळ्यांना एकच तंबी द्यायचे: घरी सराव करा, नाहीतर हिवाळ्यात तोंडघशी पडाल. आइस हॉकीचा हौशी संघ होता, सगळे आपापल्या पोटापाण्याला लागलेले. त्यांतला काचवाला, म्हणजे खिडक्यांना काचा बसवणारा, मास्तरांपुढे सगळ्यात जोरात मान हलवायचा.

त्याने गॅरेजात घसरफळी आणलीसुद्धा. माणसापेक्षा लांब, गुळगुळीत फळी, दोन्ही टोकांना पाय अडवायला रबर लावलेल्या अडण्या. लोकरी मोजे घालून एका अडणीला पायाने रेटा द्यायचा आणि दुसरीपर्यंत घसरत जायचं, की बिनबर्फाचं स्केटिंग झालं. शेजारी स्टिक आणि लाकडी चेंडू. चार दिवस त्याने घाम गाळला. मग गुडघा कुरकुरला, मग कामं वाढली, आणि शेवटी "रोज करतो हो" एवढंच तोंडी उरलं.

फळी मात्र रिकामी राहिली नाही. त्याची बायको दातांच्या कवळ्या बनवायची. दिवसभर मान मोडून बारीक काम. अंग मोकळं करायला म्हणून एका संध्याकाळी ती फळीवर चढली आणि तिला गोडीच लागली. मग स्टिकही हातात आली. काचवाला एकदा चेष्टेने म्हणाला, की आता बर्फावरच ये.

"बर्फावर सगळे बघतात," ती म्हणाली. "इथे कोणी बघत नाही, म्हणून तर जमतं मला."

एके दिवशी मास्तर आणि संघाचा गोलरक्षक सरावाची जाळी न्यायला आले. गोलरक्षकाला सगळे भिंत म्हणायचे, कारण तो हलायचाच नाही. गॅरेजात पाऊल टाकताच मास्तर थबकले. फळीची चकाकी मधोमध पार उडाली होती, अडण्यांचं रबर फाटलं होतं, फरशीवर स्टिकचे काळे फराटे उठले होते. मास्तर उकिडवे बसले, फळीवरून हात फिरवला आणि भिंतीला म्हणाले, "बघ. याला म्हणतात सराव."

बायको चहाचे कप घेऊन दारातच उभी होती. काचवाल्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"करतो आपलं थोडंफार," तो म्हणाला.

तिने कप ठेवले आणि आत गेली. मास्तरांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की शनिवारी सगळा संघ इथेच येईल आणि काचवाला करून दाखवेल.

आता आली का पंचाईत. दोन दिवसांनी त्याने मान खाली घालून बायकोला विचारलं, शिकवशील का. तिने शिकवलं. चेंडूकडे बघू नकोस, हाताला कळू दे, म्हणाली. टोमणा एकही मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

शनिवारी गॅरेज भरलं. तिसऱ्याच घसरणीला त्याचा पाय सुटला, तो फळीबाहेर आपटला आणि चेंडू गाडीखाली गेला. सगळे हसले. भिंत म्हणाला, "अरे, एवढी फळी झिजवलीस, ती काय बसून?"

"मी नाही झिजवली," काचवाला खालूनच म्हणाला. "हिने झिजवली."

हसणं विरलं. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. बायको उभी होती, हाताला साबण. भिंतीच्या मनात काही नव्हतं; तो म्हणाला, वहिनी, एकदा दाखवा ना. तिचे कान लालबुंद झाले. काम आहे, म्हणाली आणि निघून गेली. आपलं ओझं उतरवताना ते आपण कुणाच्या डोक्यावर टाकलं, हे काचवाल्याला तेव्हा कळलं.

मंडळी गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला. खरं सांगितलं मी, असं काहीतरी पुटपुटला.

"खरं त्या दिवशी सांगायचं होतंस," ती म्हणाली. "आज पडलास म्हणून सांगितलंस. आणि ते माझं होतं. मला विचारलंसुद्धा नाहीस."

तो गॅरेजात गेला आणि गाडीखालचा चेंडू काढून आणला.

रविवारी तिने बहिणीला फोन केला. बहिणीच्या घरी तळघरात जागा होती. "एक टोक धर," एवढंच ती त्याला म्हणाली. गाडीच्या टपावर बांधून फळी बहिणीकडे नेली. तिथे तो फळी धरून उलट्या पावलांनी चालला; पायरी आली, डावीकडे घे, असं ती सांगत राहिली. फळी तळघरात टेकवल्यावर तिने त्याच्या काखेतली स्टिक घेतली. तू जा, मी येईन बसने, म्हणाली.

तो रस्त्यावर आला आणि गाडीत बसून मास्तरांना फोन लावला. सगळा उन्हाळा मी काहीच केलं नाही, म्हणाला. गुडघ्याचं नाव पुढे करायचं होतं, ते त्याने गिळलं.

"ते कालच दिसलं," मास्तर म्हणाले. मग पुढे म्हणाले, "वहिनींना विचारशील का? हिवाळ्यात खेळायला येतील का म्हणून?"

"नाही," काचवाला म्हणाला. "ते मी विचारणार नाही."