पाटी वरच्याच्या नावाची

मित्रांनो, मी एक जुना मेपल आहे. पण तुम्ही मला पाहूनही पाहिलं नसेल, कारण मी कलमाचा खुंट आहे. मातीवर दिसतो तो जेमतेम वीतभर. डोंगरातल्या बियाण्यापासून माळ्याने मला वाढवलं. दुसऱ्या वर्षी त्यानेच माझा शेंडा छाटला आणि तिथे लाल, दोऱ्यांसारख्या पानांच्या जातीची काडी बांधली.

निवृत्त पोस्टमास्तर तोकुजींनी आम्हाला जपानातल्या साइतामाच्या झाडबाजारातून आणलं. सोबत पाटी होती, अर्थात वरच्याच्या नावाची.

तीस वर्षं पाणी मी ओढलं, वादळात जमीन मी धरून ठेवली. कौतुक मात्र वरच्याचं! वसंतात पाहुणे चहा पिता पिता म्हणत, "काय लाल आहे हो!" आणि माझा एखादा हिरवा फुटवा दिसला की तोकुजी कात्री घेऊन धावत. "आला फुकट्या! वरच्याचं खातोय." खातोय? मी? माझा नुसता जळफळाट होई.

गेल्या उन्हाळ्यात वरचं कलम वाळून गेलं. मी जिवाच्या आकांताने फुटवे काढले. तोकुजींना आता नीट दिसत नाही. ते वाकून म्हणाले, "हिरवंच दिसतंय. लाल झालं नाही तर खणून टाकतो. कॅमेलिया लावू."

"अहो, जरा दम धरा," त्यांची बायको फुसाए म्हणाली.

आमची जात थंडी पडल्यावर लाल होते, हे मी कसं सांगणार? आणि त्या वर्षी थंडीही येईना, हटून बसली. नोव्हेंबर सरत आला, फावडं भिंतीला टेकलं. मग एका सकाळी कडाका पडला आणि दोन दिवसांत मी लालभडक पेटलो.

"अगं फुसाए, धाव! आपलं झाड परत आलं!" म्हातारा रडत होता. त्यांनी जुनी पाटी पुसून माझ्याच फांदीला बांधली. जीव वाचला, पण नाव पुन्हा वरच्याचंच!

फुसाएने माझं एक पान तळहातावर घेतलं. दोरे नव्हते. बोटं पसरलेला पंजा होता. तिने बोटं मोजली, सात भरली. मग हळूच म्हणाली, "तू खालचा ना रे? यांना कळू देऊ नकोस हं. पाणी मी घालीन."

मित्रांनो, कलमाला पाणी घालताना एकदा खाली वाकून खुंटाकडेही बघा. पाटी राहू दे वरच्याच्या नावाची. पण 'तू कोण' हे मला विचारायला माणसांना तीस वर्षं लागली, त्याचा राग अजून गेलेला नाही.