मांडी घालायची खुर्ची

नमुन्याची खुर्ची टेम्पोतून उतरली, तेव्हा स्नेहल तिच्यावर भलतीच खूश होती. तीन आठवडे खपून तिने ती स्वतःच्या हाताने केली होती. सागाची, हलकी, पाठीला नेमका बाक दिलेली. फर्निचर डिझाइन शिकून आल्यावर करंजाड्याला शेड घेतली, त्याला वर्ष होत आलं होतं आणि हे तिचं पहिलं मोठं काम होतं. बेलपाड्याच्या दयारामशेठच्या नव्या घरासाठी डायनिंग टेबल आणि सहा खुर्च्या. काम दिलं होतं त्यांच्या मुलाने, भावेशने. त्याला सगळं शोरूमसारखं हवं होतं.

भावेश खुर्चीत बसला आणि “एक नंबर” म्हणाला. त्याची बायको कोमल बसली, तिलाही आवडली. मग भावेशने आईला हाक मारली. गोदूबाई ओले हात पदराला पुसत आल्या, बसल्या आणि बसल्याबसल्या त्यांनी पाय वर घेतले. एक गुडघा कसाबसा मावला. दुसरा गुडघा हात टेकायच्या दांडीत अडकला. शेवटी कोमलने त्यांना धरून बाहेर काढलं.

“आये, पाय खाली सोडून बस ना,” भावेश म्हणाला.

“पाय लटकलं का मना घास उतरत नाय. तुमी बसा टेबलावर. मी खाली बरी हाय.”

स्नेहलचा चेहरा उतरला. ते बघून कोमलने तिला जेवायलाच थांबवून घेतलं. जेवण हॉलमध्येच होतं. दयारामशेठ ताट घेऊन सोफ्यावर मांडी घालून बसले. कोमल एक गुडघा उभा करून. आणि शोरूमवाला भावेश? तोही सोफ्यावर मांडी ठोकून, मांडीवर ताट घेऊन बोंबलाचं कालवण ओरपत होता. गोदूबाई मात्र कुठेच बसल्या नव्हत्या. त्या वाढत होत्या. सगळ्यांचं आटोपल्यावर त्या स्वयंपाकघरात जमिनीवर एकट्या जेवायला बसल्या, हे स्नेहलने हात धुताना पाहिलं.

तिने पिशवीतून टेप काढला. “काका, जरा तसेच बसा हं,” म्हणत दयारामशेठचं एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं. सत्तावीस इंच. सगळ्यांना हसू आलं, पण मापं सगळ्यांनी दिली.

चार दिवसांनी तिने नवं चित्र पाठवलं. रुंद, थोडी बुटकी, हात नसलेली खुर्ची आणि तिच्या उंचीला जुळणारं टेबल. भावेशचा लगेच फोन आला.

“मॅडम, ही खुर्ची आहे की पाट? पाहुणे हसतील आम्हाला. काम जरा थांबवा.”

स्नेहल दोन दिवस शेडमध्ये नुसतीच लाकूड इकडचं तिकडे करत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी दारात स्कूटर थांबली. पुढे कोमल, मागे गोदूबाई, मांडीवर डबा.

“कंची ती खुर्ची? दाव मना,” गोदूबाई म्हणाल्या.

खुर्ची नव्हतीच. होता तो मापासाठी ठोकलेला प्लायचा खोका आणि तसंच कच्चं टेबल. गोदूबाई खोक्यावर चढून ऐसपैस मांडी घालून बसल्या. डबा उघडला आणि खरोखरच जेवायला लागल्या. दोन घास झाल्यावर त्या थांबल्या.

“पोरी, यो गुडघ्याला काय लागतंय?”

टेबलाच्या फळीखाली चारी बाजूंनी ठोकलेली पट्टी होती ती. “टेबल हलू नये म्हणून असते, काकी.”

“मंग दुसरीकडं कुठं आवळ ना. आनि घोट्याला पन टोचतंय.”

घोट्याचं सोपं होतं. बसायला लाकडाऐवजी खाटेसारखी नवार विणायची. पट्टीने मात्र स्नेहलचा घाम काढला. पट्टी काढली की टेबल डुलायचं, पेल्यातलं पाणी सांडायचं. दोन वेळा पाय बदलून झाले. तिसऱ्या वेळी तिने चार कोपऱ्यांचे पाय काढूनच टाकले, आतल्या बाजूला दोन रुंद टेकू दिले आणि ते जमिनीलगत एका जाड तुळईने जोडले. कडेला गुडघ्यांना मोकळं रान. मग ती स्वतः टेबलावर चढून उभी राहिली. टेबल हललं नाही.

भावेशला आईने काय सांगितलं, ते स्नेहलला कधी कळलं नाही. त्याचा एवढाच फोन आला, “आई म्हणते तसं करा.”

एका रविवारी टेबल आणि सहा खुर्च्या बेलपाड्याला पोहोचल्या. स्नेहललाही जेवायला बसवलं. भावेश पाय खाली सोडून ताठ बसला होता. पाच मिनिटांनी त्याचा एक पाय वर आला, मग दुसरा.

गोदूबाई पळी घेऊन उभ्याच होत्या. कोमलने कालवणाचं पातेलं, भाकऱ्यांची टोपली, भात, सगळं टेबलाच्या मधोमध आणून ठेवलं आणि त्यांच्या हातातली पळी काढून घेतली.

“आई, सगळं हाताशी आहे. ज्याचं त्याने घ्यायचं. बसा.”

गोदूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दयारामशेठनी शेजारची खुर्ची ओढली आणि एक भाकरी त्या जागेवरच्या ताटात ठेवली. एकतीस वर्षांच्या संसारात लग्नकार्याच्या पंगती सोडल्या, तर घरी दोघं शेजारी बसून जेवलेच नव्हते. गोदूबाई बसल्या, मांडी घातली, पदर सावरला आणि पहिला घास घेतला. बराच वेळ नुसत्या चावत राहिल्या.

“काय गो, मीठ कमी पडलंय का?” दयारामशेठनी विचारलं.

“नाय,” त्या म्हणाल्या. “गरम असलं म्हंजे बरं लागतं कालवन.”

आणि स्वतःच हात लांब करून त्यांनी आणखी दोन बोंबील वाढून घेतले.