पिशवी सडली होती म्हणे

डॉक्टर, तुम्ही खोटं बोललात. तुमचं नाव लिहीत नाही. तुमच्या तालुक्यात तुमच्यासारखे आणखी सापडतील आणि सगळे अब्रूची भाषा करत धावून येतील. मालनला तुम्ही सांगितलंत, पिशवी सडलीय, ठेवली तर कॅन्सर होणार. मालन तेव्हा सव्वीस वर्षांची होती. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, एवढीच तिची तक्रार. तुम्ही गर्भाशय काढलंत आणि त्याच्याबरोबर दोन्ही अंडाशयंही.

आता ती एकोणचाळीसची आहे, गोवंडीत राहते. मागच्या महिन्यात मोरीत पाय घसरला, तिनं हात टेकला आणि मनगट मोडलं. एक्स-रे बघून इथला डॉक्टर म्हणाला, मावशी, हाडं साठीच्या बाईसारखी झालीत. पाळणाघरात पोरं उचलायचं काम होतं, ते गेलं. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून ती घरी बसते आणि मुलीचा अभ्यास ऐकते.

मुलगी रुचिरा. डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा रविवारवर आलेली. पुस्तक इंग्रजीत, पण क्लासच्या सरांचं म्हणणं, जे आईला मराठीत समजावता येतं तेच डोक्यात राहतं. त्या दुपारी ती संप्रेरकं सांगत होती. अंडाशयात इस्ट्रोजेन तयार होतं, त्यानं पाळी चालते, हाडंही मजबूत राहतात.

"आणि अंडाशय काढलं तर?" मालननं विचारलं.

"इस्ट्रोजेन बंद. हाडं ठिसूळ." रुचिरा परीक्षेत द्यावं तसं झटकन बोलून गेली. मग तिची नजर प्लास्टरवर पडली.

"थांबलीस कशाला? पुढचा धडा घे."

पुढचा धडा कॅन्सरचा होता. साधी पेशी शेजारच्या पेशीला टेकली की वाढायची थांबते, कॅन्सरची थांबत नाही, रेटत जाते. मालन म्हणाली, म्हणजे आपल्या गल्लीतल्या बांधकामासारखी. दोघी हसल्या. मग निदानाचा भाग आला. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कॅन्सर ठरवता येत नाही. तुझा तुकडा कुठे तपासला होता, असं रुचिरानं विचारलं. मालनला माहीत नव्हतं, ती भुलीत होती. पप्पांना विचार, त्यांना पिशवी दाखवली होती, ती म्हणाली.

चंद्रप्रकाश रंगकाम करतो. दारात बसून ब्रश धूत होता. ही गोष्ट तो नातेवाइकांत नेहमी सांगतो, बायकोला मरणाच्या दारातून कशी परत आणली ती. तुमची पद्धत होती ना, ऑपरेशन झालं की काढलेलं ट्रेमधून बाहेर आणून नवऱ्याला दाखवायची. बघा काय अवस्था झाली होती, असं तुम्ही म्हणालात. त्यानं बघितलं आणि तुम्हाला हात जोडले.

"दिसायला कशी होती, पप्पा?"

"कशी म्हणजे? मुठीएवढी. पेरूसारखी, खाली निमुळती. गुळगुळीत होती."

रुचिरानं पुस्तक उघडलं नाही. निरोगी गर्भाशयाचं वर्णन तिला पाठ होतं.

"मग तिचं काय केलं?"

"बादलीत टाकली नर्सनं. माझ्यासमोरच."

नळ चालू होता. तो बंद करायला कुणी उठलं नाही.

"चांगली होती का गं ती?" चंद्रप्रकाशनं विचारलं.

"नुसत्या डोळ्यांनी कॅन्सर कळत नाही, पप्पा. पण सडलेली नव्हती."

"मी त्याला हात जोडले," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाला.

"तुम्हाला काय कळणार होतं त्यातलं? तुम्ही भिंती रंगवणारे." मालन हे रागानं बोलली नाही. बसल्या जागी सरकताना तिनं दुखरा हात दुसऱ्या हातानं उचलून घेतला, एखादं झोपलेलं पोर उचलावं तसा. मुलीला म्हणाली, तू वाच, रविवारी यातलं काही आलं तर चुकायचं नाही.

रुचिरा वाचू लागली. चंद्रप्रकाश दारातच बसून राहिला, ब्रश सुकले तरी.

डॉक्टर, तुकडा कुठे पाठवला नाही, कुणी तपासला नाही. मग ती पिशवी सडलीय हे तुम्हाला कशावरून कळलं? मालन घरीच आहे. तिच्यासमोर येऊन सांगा.