मास्तरचं नाटक

मास्तर म्हणजे आमचा घोडा. बारा वर्षं पोरांना पाठीवर घेऊन घोडेस्वारीचे धडे दिले, म्हणून हे नाव. तीन आठवड्यांपूर्वी तो पुढच्या उजव्या पायाने लंगडायला लागला आणि माझं नि बाबांचं वाजलं.

नालवाल्याने नाल काढली, खिळा न् खिळा तपासला, खुराचा तळ चिमट्याने दाबून पाहिला आणि शेवटी हात टेकले. सूज नाही, जखम नाही, पाय गरमही नाही.

"मग नाटक आहे," बाबा म्हणाले. चाळीस वर्षं घोडे शिकवलेला माणूस. त्यांच्यापुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. "काम चुकवतोय. सोमवारी खोगीर चढणार."

"त्याला दुखतंय, बाबा."

"तुझ्या कानात सांगितलं का त्याने?"

असं काही बोलले की नालवाल्याकडे बघून हसायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रविवारी सकाळी त्यांना न विचारताच मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं.

बाई म्हणाल्या, पाय खालून वर थोडा थोडा बधिर करत जायचा. ज्या सुईनंतर लंगडणं थांबेल, तिच्या खाली दुखणं. पहिली सुई टाचेपाशी दिली. फरक पडला नाही. दुसरी खुराच्या वरच्या सांध्याच्याही वर. दहा मिनिटांनी रिंगणातल्या वाळूवर चार पावलं दुडकी चालवला, तर चाल अगदी साफ!

"सापडलं," बाई म्हणाल्या. "बहुतेक हाडाला बारीक चीर आहे. दवाखान्यातून एक्स-रेचं मशीन घेऊन येते. तोवर याला ठाणावरून हलवायचं नाही. आता पाय मोडायला आला तरी याला कळणार नाही."

"चीर निघाली तर?"

"तीन महिने उभा ठेवायचा. बरा होतो."

मला रडूच आलं, आनंदाने. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच बाबा चहाचा कप घेऊन अंगणात आले. मी सगळं सांगितलं.

"सुईला घाबरून सरळ चालला असेल," ते म्हणाले. "नाटकी लेकाचा."

गप्प बसायला हवं होतं मी. बाईंचे शब्द कानात ताजे होते, ते विसरले असं मी म्हणणार नाही. पण तीन आठवडे ऐकून घेतलं होतं. मी दोर सोडला. "या, तुमच्या डोळ्यांनी बघा."

वाळूपर्यंत नेण्याइतकाही दम मला नव्हता. तिथेच, फरसबंदीवर, मास्तरला दुडकी पळवलं. डौलात पळाला. बाबांचा कप ओठांपाशीच थांबला. त्यांचं तोंड उतरलेलं मला स्वच्छ दिसलं. पण चुकलो असं काही ते म्हणेनात, म्हणून मी त्याला आणखी एकदा वळवलं.

वळणावर वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला.

मास्तर थांबला. सांध्याखाली पाय बाजूला वळला होता, आणि तो त्याच पायावर भार देत होता. झुकायचा, सावरायचा, पुन्हा तोच पाय टेकायचा. दुखतच नव्हतं त्याला. मग त्याने नेहमीसारखं गाजरासाठी माझ्या खिशात तोंड घातलं.

डॉक्टरीणबाई आल्या. मशीन त्यांनी गाडीतून काढलंच नाही. त्या बाबांना म्हणाल्या, "असा मोडलेला पाय घोड्याचा पुन्हा जुळत नाही. तासाभरात बधिरपणा उतरेल. त्याच्या आत उरकायला हवं."

मला मास्तरचं डोकं धरवेना. बाबांनी धरलं. त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिले, बाई शेवटची सुई भरत होत्या तेव्हाही. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "नाटक नव्हतं गं. माझंच चुकलं."

तीन आठवडे मला त्यांच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं.